बिबा कोणाला उतला?

१

रविवारी सकाळी तनुजाचा फोन वाजला तेव्हा माझा अध्याय अर्ध्यावर होता. अध्याय अर्धा टाकून उठायचं नाही, हा माझा रोजचा नेम. फोन थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. शेवटची ओवी झाली, पोथी कपाळाला लावली आणि मग मी तो घेतला. मला वाटलं होतं पलीकडे रडणं असेल. पलीकडे संताप होता.

“डॉक्टर, ताबडतोब लॉजवर या. त्या बाईनं माझा चेहरा जाळलाय.”

तनुजा अकोल्याची. ब्यूटी पार्लरचं काम शिकवणारे तिचे वर्ग तिथं नावाजलेले आहेत. वाशीमच्या एका महिला मंचानं ‘वर्षातलं उत्तम सौंदर्यप्रसाधन’ अशी जिल्ह्याची स्पर्धा भरवली होती आणि आम्ही तिघं तिचे परीक्षक होतो: तनुजा, इथली त्वचेची डॉक्टर म्हणून मी, आणि क्रीम-पावडरीच्या कारखान्यांत उमर घालवलेले रसायनतज्ज्ञ उदयसिंगजी. शनिवारी नमुन्यांची तपासणी झाली होती. निकाल मंगळवारी होता.

स्टेशनजवळच्या लॉजवर तिनं दार उघडलं आणि मी तिथंच थांबले. डावा गाल सुजून वर आलेला, त्यावर पाण्याचे बारीक फोड, कडेला काळपट झाक. आमच्या भागातल्या डॉक्टरला यासाठी पुस्तक उघडावं लागत नाही.

“बिबा उतलाय,” मी म्हणाले.

“मग तीच! डाव्या गालाला मी एकच वस्तू लावली होती. त्या ललिताबाईचा मलम. उजव्या गालाला शुभ्रकांती क्रीम, आणि तो बघा, लख्ख आहे.”

खुर्चीवर मंचाच्या अध्यक्ष अंजूताई बसल्या होत्या. त्यांनी चहाचा कप पुढे केला, तर तनुजानं तो बाजूला सारला. “गरम नको. तोंड आलंय माझं. ओठालासुद्धा लाववत नाही.”

मी वाकून पाहिलं. ओठांच्या उजव्या कोपऱ्यावरही दोन फोड होते.

“मलम ओठाला लागला होता का?”

“मी काय मलम चाटत बसते का, डॉक्टर?”

अंजूताईंनी पिशवीतून टाईप केलेला कागद काढला. “माफीनामा आहे. आमच्या मलमात बिबा गेला, चूक झाली, स्पर्धेतून माघार घेतो. मंगळवारच्या आत ललिताबाईंची सही घ्यायची. नाही दिली तर पोलिसांत तक्रार. खाली तुमची सही हवी, डॉक्टर म्हणून.”

“मी नाही करणार.”

माझा आवाज मुळातच लहान. लहान आवाजाची बाई लहानच गोष्टी बोलणार, असं लोकांना वाटतं. अंजूताईंनी पेन पुढे केलं. मी ते घेतलं नाही. पर्समधून एक छोटी डबी काढली.

“शनिवारी सकाळी, तपासणीच्या आधी, याच बरणीतून मी हा मलम घरी न्यायला काढून घेतला होता.”

“मग?” तनुजा म्हणाली.

डबीत बिबा असेल की नाही, मला ठाऊक नव्हतं. मी देवाचं नाव घेतलं, बोट बुडवलं आणि तिच्यादेखत तो मलम माझ्या डाव्या गालाला चोळला.

२

शनिवार हा माझा मारुतीचा वार. त्या दिवशी तेल देवाला, आपल्या अंगाला नाही. जेवण नाही, विडा नाही. संध्याकाळी दिवा लागला की फराळ. तेलाच्या वस्तू त्या दिवशी मी तपासू शकत नव्हते, म्हणून नंतर घरी तपासायला सकाळीच त्या डब्यांत भरून घेतल्या. बाकीच्यांना गंमत वाटली. “डॉक्टरांचं डब्यांचं दुकान,” तनुजा म्हणाली होती.

ललिताबाई अनसिंगच्या पलीकडच्या एका वस्तीतली. तिथल्या बायका बिबे फोडून आतली गोडंबी काढतात. लाडवात, थंडीच्या खुराकात घालतो ती गोडंबी. बी गोड असते, पण तिच्यावरच्या टरफलात काळं, दाहक तेल भरलेलं असतं. ते उडतं, हात भाजतात, काळे पडतात. त्या हातांसाठी या बायकांनी तीळतेल, मेण आणि चिंचेचा पाला घालून मलम केला होता. टेबलावर बरणी, बरणीशेजारी बशीत थोडे आख्खे बिबे आणि थोडी गोडंबी. कशासाठी मलम केला ते लोकांना दिसावं म्हणून.

फोटो काढणारा नवीन नावाचा पोरगा म्हणाला, “मावशी, हात मागे घ्या जरा. काळे येऊन राह्यले फोटोत.”

तनुजा हसली. “हो, बरणी धरा आणि हात लपवा.”

“काहून?” ललिताबाईनं विचारलं. “हात का चोरीचे हायेत?”

फोटो हातांसकट निघाला.

गुण द्यायच्या तक्त्यात एक रकाना ‘उजळपणा’ असा होता. शुभ्रकांती नावाच्या क्रीमला उदयसिंगजींनी त्यात भरभरून गुण दिले. मानोऱ्याच्या पवन नावाच्या एका दुकानदारानं ते क्रीम स्पर्धेत ठेवलं होतं. ललिताबाईच्या मलमाला त्यांनी तिथं शून्य दिलं. मी तो रकाना सगळ्यांचाच कोरा ठेवला.

“हे काय, डॉक्टरसाहेबा?” ते म्हणाले.

“गोरं करणं हे औषध नाही. हा रकाना मी भरणार नाही.”

“बाजार भरतो. आपण नाही भरला तरी.” ते हसले. हसणं छान होतं त्यांचं, दात पांढरेशुभ्र.

मग जेवणाची सुट्टी झाली. सगळे मागच्या खोलीत गेले. उदयसिंगजी रक्तदाबाची गोळी घेऊन मागून आले. जेवणानंतर त्यांनी नेहमीप्रमाणे चांदीची पानपेटी उघडली. स्वतःच्या बोटानं चुना लावून विडे करून द्यायचे, हा त्यांचा थाट. काथ मात्र कधी नाही. दात लाल होतात म्हणे. एक विडा तनुजाला, एक मला, एक स्वतःला. भागवतला, म्हणजे सभागृहाच्या रखवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, “माह्याजवळ माहा तंबाखूचा खर्रा हाय, साहेब.”

मी विडा रुमालात गुंडाळला. “आज शनिवार. उद्या खाईन.”

त्यानंतर तनुजानं दोन्ही गालांना दोन वस्तू लावल्या.

म्हणजे माझी डबी भरली तेव्हापासून तिनं बोट बुडवेपर्यंत, त्या मधल्या वेळात बरणीत काही गेलं असेल, तर ते जेवणाच्या सुट्टीतच गेलं होतं. अर्थात, माझा गाल शाबूत राहिला तरच असं म्हणता येणार होतं. आणि बिबा लगेच उतत नाही. सावकाश, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो.

३

लॉजवरून मी सभागृहात गेले. टेबलं तशीच होती. बरणी अंजूताईंनी कागदाच्या पट्ट्या चिकटवून बंद केली होती. बशीतले बिबे मी एकेक उलटून पाहिले. सगळे गुळगुळीत, टणक. एकाच्या अंगाला मात्र टाचणीनं टोचल्यासारखं भोक होतं आणि भोकाभोवती काळं तेल वाळलं होतं.

“भागवत, शनिवारी जेवणाच्या वेळी इथं कोण होतं?”

भागवतनं खर्ऱ्याची पन्नी खिशात कोंबली. “मी नाई, बाई! तुमी माह्यावर कायले येऊन राह्यल्या? चावी माह्यापाशी असते म्हून काई झालं का सगळे माह्यावरच येते. मी तं पंगत वाढत व्हतो.”

“मी तुझ्यावर आलेच नाही. कोण होतं एवढंच विचारते.”

“ते अत्तरवाल्याची पोरगी. यास्मीन. तिची गुलाबपाण्याची शिशी सांडली व्हती, पुसत बसली व्हती.”

एवढ्यात उदयसिंगजी आत आले. उजवा हात रुमालात गुंडाळलेला. “गाडीच्या दारात बोट सापडलं,” ते म्हणाले. भागवतनं चहा आणला, तर तो त्यांनी परत पाठवला. “पित्त झालंय. ताक मिळेल का?”

मग माझ्याकडे वळून, अगदी मायेनं बोलले. “तनुजाजींचं ऐकलं. फार वाईट झालं. पण पोलीस वगैरे नको हो. गरीब बायका, मुद्दाम थोडंच केलंय? बिब्याचे हात बरणीला लागले असतील. माफीनामा घ्या, विषय संपवा.”

“तुम्ही जेवायला मागून आलात. इथं कोणी दिसलं?”

“भागवत झाडत होता, वाटतं.”

भागवत दारातून ओरडला, “मी? झाडत?”

दोघांतला एक खोटं बोलत होता.

यास्मीनच्या वडिलांचं, सैफुद्दीनभाईंचं, बाजारात अत्तराचं दुकान आहे. ती गल्ल्यामागे उभी होती. मी आत जाताच तिनं दुपट्टा सारखा केला आणि म्हणाली, “मले माहीतच व्हतं तुमी येसान. मी एकटी व्हती न तिथं. गुलाबपाणी बी पहिल्या तिनात हाय म्हनते, मलम गेला का फायदा माहाच. लोक आताच बोलून राह्यले.”

“तू जेवायला केव्हा गेलीस?”

“उदयसिंग चाचांनी पाठवलं. म्हणे, जा बेटी, जेवून घे, मी बसतो इथं.” ती थांबली. “चाचा भले मानूस हायेत, मॅडम. अब्बांचे जुने गिऱ्हाईक.”

मी पर्समधून शनिवारी भरलेली शुभ्रकांतीची डबी काढली. त्या क्रीममुळे चेहऱ्याची कातडी पातळ पडून, लाल होऊन माझ्याकडे येणाऱ्या मुलींबद्दल तिला विचारायचं होतं. झाकण उघडलं आणि यास्मीनचा चेहराच बदलला. तिनं डबी नाकाशी नेली, डोळे मिटले, परत नेली.

“काय गं?”

“काई नाई.”

“यास्मीन.”

“आता बोलली तं म्हनतीन, जळते म्हून बोलते.” तिनं झाकण घट्ट लावून डबी माझ्या हातात दिली. “मंगळवारी सांगतो. सगळ्याइच्या तोंडावर सांगतो. तुमी फक्त मले ‘बोल’ म्हना.”

४

सोमवारी सकाळी आरशात पाहिलं. गाल होता तसाच. तरी अजून काही म्हणता येत नव्हतं. पूजा आटोपून मी अनसिंगची गाडी धरली आणि तिथून ऑटोनं वस्तीवर गेले.

बिबे फोडायची जागा म्हणजे एक पत्र्याची शेड. दाराबाहेर चपला ओळीनं काढलेल्या आणि चपलांच्या शेजारी तशाच ओळीनं तंबाखूच्या चुन्याच्या डब्या. मी त्या ओलांडून आत गेले. बायका हातांना तेल-राख चोळून, दगडावर बिबा ठेवून ठोकत होत्या.

“आली का सही घ्याले?” ललिताबाई उठली नाही. “अंजूताईचा मानूस काल येऊन गेला. म्हने, अंगठा दे, मामला मिटते. मी म्हनलं, मले सही येते, पन मी करत नाई.”

“मी सही मागायला आले नाही.”

“मंग गालाले काय लावून फिरून राह्यल्या? तेल चमकते.”

“तुमचा मलम.”

ठोकणं थांबलं. एक म्हातारी बाई हसायला लागली. “पाय वं ललिते! डॉक्टरीन आपल्या गालावर जुवा खेळून राह्यली.”

ललिताबाईनं माझा गाल उजेडाकडे वळवून पाहिला, मग हात पुसून माझ्यासमोर बसली. “बाई, मी सही केली तं काय व्हईन, सांगू? उद्या गोडंबी घेणारा म्हनन, तुमच्या हाताले जहर हाय. पोरीइचं लगन जुळवाले गेलो तं म्हनतीन, ह्या त्याच बाया. आमचे हात काळे हायेत, झूट नाईत. मलम जिथं शिजते तिथं बिबा नेतच नाई आमी. वेगळी चूल, आंघोळ करून, वेगळं लुगडं. देवाचा परसाद करा तसा.”

“मग बरणीत बिबा गेला कसा?”

“ते तुमी सांगा. शिकल्या तुमी.”

तेवढ्यात एक पोक्त बाई तंबाखू मळत आत शिरू लागली आणि सगळ्या एकदम ओरडल्या, “चुना भाईर ठेव वं, सीताबाई!”

“ठेवतो नं माय. जीव घेता काय?” सीताबाई उलटी फिरली.

“चुन्याचं काय?” मी विचारलं.

“चुना अन् बिबा भेटला का काळा डाग पडते. जात नाई, कितीबी धुवा,” ललिताबाई म्हणाली. “धोबी कपड्यावर खून करते न, कोनाचा कपडा कोनता समजाव म्हून, ते असंच. बिबा टोचते, वरून चुना. म्हून चुना भाईर. अन् साबनानं बिबा निंगत नाई, तेलानंच निंगते. नवी बाई साबनानं हात धुते, तिले वाटते झाले साफ. मंग जिथं हात लावन तिथं उतते.”

मला तनुजाच्या ओठांचा कोपरा आठवत होता. मलम गालाला लावला होता. ओठाला काय लागलं होतं?

“काय झालं, बाई? चेहरा पांढरा पडला तुमचा.”

“ललिताबाई, मंगळवारी वाशीमला या. सगळ्या या. आणि एक चुन्याची डबी घेऊन या.”

५

घरी आले ती चप्पल न काढता सरळ फ्रिजपाशी. दिलेला विडा टाकू नये म्हणून मी तो रविवारी खाणार होते, आणि रविवारच्या गडबडीत विसरले होते. रुमाल तसाच होता. मी चिमट्यानं विडा धरला, लवंग काढली आणि पान उलगडलं.

काथ नसलेल्या विड्यात चुना पांढरा दिसतो.

या पानावर मधोमध, बोट फिरवल्याच्या खुणेसारखा, एक काळाकुट्ट पट्टा होता.

शनिवार नसता तर तो माझ्या तोंडात गेला असता. मी देवघरापुढे बसले. हात जोडले आणि पान पुन्हा रुमालात गुंडाळून ठेवलं.

६

मंगळवारी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत अंजूताई, ओढणीनं अर्धा चेहरा झाकलेली तनुजा, हाताला रुमाल बांधलेले उदयसिंगजी. मागे पवन. भिंतीला टेकून भागवत आणि यास्मीन. ललिताबाई आणि तिच्या बायका दाराशी उभ्या होत्या. त्यांना कोणी खुर्ची दिली नव्हती.

अंजूताई माझ्या कानाशी आल्या. “सही?”

“नाही.”

“मग मला तक्रार करावी लागेल.”

“करा. पण आधी माझं ऐका.” मी पुढे गेले. माईक घेतला नाही. हळू बोललं की लोक गप्प बसतात, हे मला सवयीनं माहीत होतं. “हा माझा गाल. रविवारी तनुजा आणि अंजूताईंच्या समोर मी याला ललिताबाईंचा मलम लावला. शनिवारी सकाळी काढलेला. तीन दिवसांत काही उतलेलं नाही.”

“प्रत्येकाची त्वचा वेगळी,” उदयसिंगजी शांतपणे म्हणाले. “बिबा एकेकाला उततच नाही. हे तुम्हाला मी सांगायचं?”

“बरोबर. म्हणून गाल पुरावा नाही. हा आहे.” मी टेबलावर पांढऱ्या फडक्याचे दोन तुकडे ठेवले. एकावर माझ्या डबीतला मलम लावला, दुसऱ्यावर अंजूताईंनी पट्ट्या फाडून उघडलेल्या बरणीतला. “ललिताबाई, चुना.”

ती पुढे आली आणि तिनं दोन्हींवर चुना चोळला. पहिलं फडकं तेलकट पांढरं राहिलं. दुसरं हळूहळू राखाडी होत गेलं, मग काळं. मागच्या रांगेतली माणसं उभी राहिली.

“म्हणजे बिबा मागाहून गेला,” भागवत मोठ्यानं म्हणाला. “पाह्यलं? अन् मले म्हनून राह्यले, झाडत व्हता!”

“कुणी म्हटलं ते सांग,” मी म्हणाले.

“उदयसिंग साहेबांनी. मी पंगतीत वाढत व्हतो, विचारा सगळ्याइले.”

“विचारते. यास्मीन, तुला जेवायला कुणी पाठवलं?”

“चाचांनी.”

उदयसिंगजींनी दोघांकडे हसून पाहिलं. “मी तेव्हा इथं होतो, मान्य. झाडणाऱ्याचा भास झाला असेल. बशी तिथं, बरणी तिथं, कोणीही आत येऊ शकत होतं. इथं असणं हा गुन्हा आहे का?”

“नाही. पण तनुजाच्या ओठांवरही बिबा उतला आहे. तिनं मलम चाटलेला नाही.” मी तिच्याकडे वळले. “शनिवारी दुपारी तू तोंडात काय घातलंस?”

“जेवण. तेच सगळ्यांनी खाल्लं.” तिचे डोळे मोठे झाले. “आणि विडा.”

मी रुमाल उलगडला आणि पान फडक्यांच्या शेजारी ठेवलं. काळ्या फडक्याचा आणि पानावरच्या पट्ट्याचा रंग एकच होता.

“हा त्याच वेळी केलेला दुसरा विडा. मला दिलेला. माझा शनिवार होता म्हणून राहिला.”

“काथाचा डाग आहे तो,” उदयसिंगजी म्हणाले. हसू गेलं होतं.

“तुम्ही काथ खात नाही. काथ लाल असतो. तुम्ही बिबा टोचलात, तेल बरणीत पिळलंत, साबणानं हात धुतलेत आणि जेवायला आलात. साबणानं बिबा निघत नाही. त्याच बोटानं तुम्ही चुना लावलात. एक विडा तुम्हीही खाल्लात. म्हणून रविवारी चहा नको, ताक हवं होतं.”

“अरे, पण कशासाठी? मी परीक्षक आहे! मला कोण जिंकलं, कोण हरलं, काय फरक?”

“बोलू का आता?” यास्मीन भिंतीपासून पुढे आली. तिनं शुभ्रकांतीची डबी उचलली आणि उघडून समोर धरली. “हा वास खसचा हाय, त्याच्यात माह्या अब्बांनी केवडा अन् थोडं ऊद टाकलं. हे मिश्रण दुकानात नाई भेटत कोनाले. अब्बा एकाच मानसासाठी करते. चाचा, तुमच्यासाठी. तुमी म्हनत व्हते, घरी पूजेले लागते.” मग ती मागे वळली. “पवनभाऊ, तुमच्या क्रीममधी कुठून आला?”

पवन उठून दाराकडे निघाला. दारात ललिताबाईच्या बायका होत्या. त्या हलल्या नाहीत.

“मले काई विचारू नका,” तो म्हणाला. “क्रीम त्याइचीच हाय. मी फक्त नाव देलं. स्पर्धेत पहिलं आलं का जिल्हाभर विकू म्हने.”

तनुजानं ओढणी काढून टाकली. गाल अजून लाल, सोललेला होता. ती उदयसिंगजींसमोर जाऊन उभी राहिली.

“मी तुमच्या शेजारी बसले होते. माझ्या चेहऱ्यावर माझं पोट आहे. आणि तुम्ही हसत माझ्या हातात विडा ठेवलात?”

“विड्याचं मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले. “खरंच नव्हतं. गालाचंही एवढं होईल असं…”

एवढं बोलून ते थांबले. ते काय कबूल करून बसले, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

“हात उघडा,” मी म्हणाले.

त्यांनी रुमाल सोडला. तर्जनी सुजून टरटरली होती, टोकाशी चुन्यानं पक्का केलेला काळा डाग, आणि फोड तळव्यापर्यंत उतरले होते.

अंजूताईंनी माफीनाम्याचा कागद मधोमध फाडला. “तक्रार देतेच मी,” त्या म्हणाल्या, “पण नाव बदलून. ललिताबाई, तुम्हाला यांच्याकडून माफी लिहून हवी असेल तर—”

“कागद नको मले.” ललिताबाईनं माझी डबी उचलली, खुर्ची ओढली आणि उदयसिंगजींच्या समोर बसली. “आना हात.”

त्यांनी हात मागे घेतला.

“आना म्हनलं न! जळून राह्यला ना? जळनारच. आमचे रोज जळते.” तिनं तो काळा, सुजलेला हात आपल्या काळ्या हातांत धरला आणि बोटापासून तळव्यापर्यंत मलम लावला, लेकराला लावावा तसा, पण त्यांच्या डोळ्यांत बघत. “डाग नाई जानार हा. कातडी निंगन तवाच जाईन. तवरोक चुना लावू नका. अन् रुमाल बांधू नका आता. उघडा ठेवा. आमी ठेवतो तसा. पाहू द्या लोकाइले.”

ते मान खाली घालून बसले. हात उघडाच होता.

गुणांचा तक्ता मी अंजूताईंपुढे ठेवला. उजळपणाच्या रकान्यावर मी उभी रेघ मारली होती, वरपासून खालपर्यंत. तनुजानं माझ्या हातातलं पेन घेतलं, स्वतःच्या तक्त्यावर तशीच रेघ मारली आणि म्हणाली, “आता बेरीज करा.”

उदयसिंगजींचा तक्ता आणि शुभ्रकांती बाद करून केलेल्या बेरजेत मलम पहिला आला, गुलाबपाणी दुसरं.

नवीन कॅमेरा घेऊन पुढे धावला. बायका मंचावर चढल्या, यास्मीनला ओढून मधे घेतलं. तनुजा तशीच, सोललेल्या गालानं, कडेला उभी राहिली. नवीननं डोळ्याला कॅमेरा लावला, काही बोलायला तोंड उघडलं आणि गप्प बसला.

“हां, नवीन,” ललिताबाई म्हणाली. “काय म्हनत व्हता तू त्या दिवशी?”

“काई नाई, मावशी.”

“मंग काढ.”

आणि बरणी खाली ठेवून त्या सगळ्यांनी दोन्ही हात पुढे केले.